कूलंट होजचा तुटलेला प्लॅस्टिक कनेक्टर घरच्या घरी कसा बदलायचा

गाडीत बसल्यावर गुळमट वास येतो, टाकीतलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, आठवड्याला बोटभर उतरतं आणि खाली जमिनीवर मात्र डाग नाही. अशी गाडी गॅरेजला नेली की पहिला संशय रेडिएटरवर, दुसरा वॉटर पंपावर. पण पुष्कळदा चोर असतो तो दोन रबरी होज एकमेकांना जोडणारा, अंगठ्याएवढा काळा प्लॅस्टिकचा कनेक्टर. कुठे टी आकाराचा, कुठे वाय, कुठे नुसता कोपरा. वस्तू काही शे रुपयांची. मात्र तो पुरता तुटल्यावर, लाल दिवा पेटलेला असताना ‘आता पर्वरी आलंच’ म्हणत गाडी रेटली तर इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड वाकतं, त्याखालचं सील म्हणजे गॅस्केट जातं आणि बिल बघून घाम फुटतो.

काम स्वतः करण्यासारखं आहे. मोकळा अर्धा दिवस हवा, थोडी साधनं हवीत आणि धीर भरपूर हवा. नवा कनेक्टर बसवायला दोन मिनिटं लागतात. धीर लागतो तो होजमध्ये अडकलेला मोडका तुकडा काढायला आणि शेवटी आतली हवा घालवायला.

तो तुटतो का

हे कनेक्टर बहुतेक काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचे असतात. जुना तुकडा हातात आला की उलटसुलट करून पाहा, अंगावर बारीक अक्षरांत ‘पीए६६-जीएफ३०’ असा ठसा बहुधा सापडेल. नायलॉन ६६ आणि त्यात ३० टक्के काचतंतू. नवा असताना हा माल चांगला चिवट असतो, पण कूलंटमधलं गरम पाणी आणि ग्लायकोल वर्षानुवर्षं आतून फिरत राहिले की नायलॉनचे रेणू हळूहळू तुटत जातात. काळा रंग करडा-तपकिरी होतो, पृष्ठभागाला बारीक चिरा दिसू लागतात आणि एक दिवस नुसत्या धक्क्याने तो चकलीसारखा मोडतो. कारागिराची चूक नसते, वय झालेलं असतं.

गोव्यात त्यात दोन गोष्टींची भर पडते. एक म्हणजे घाट. चोर्ला किंवा अनमोड चढताना गाडी भरलेली, एसी चालू, गिअर खालचा. वर पोचून चहाला थांबलं की इंजिन बंद, म्हणजे पंपही बंद, पण इंजिनाच्या लोखंडातली उष्णता लगेच कुठे जात नाही. बंद केल्यानंतरची काही मिनिटं कूलंटचं तापमान आणि दाब उलट वाढतात. घाटभर शहाण्यासारखी आलेली गाडी उभी केल्यावर गळू लागते ती यामुळे. दुसरी गोष्ट म्हणजे विहिरीचं पाणी. पातळी उतरली की बादलीतलं तांब्याभर ओतायची आपल्याकडे सवय आहे. किनाऱ्याकडच्या पाण्यात खारेपणा, आतल्या भागात जांभ्यातून झिरपून आलेलं लोह. त्याने आत गंज आणि पुटं धरतात, शिवाय कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं पातळ होत जातात.

आधी गळती नक्की कुठून आहे ते ठरवा

आपल्या दमट हवेत एसीचं पाणी इतकं गळतं की पावसाळ्याबाहेरही गाडीखाली थारोळं असतं. ते कूलंट समजून घाबरू नका. एसीचं पाणी स्वच्छ, बिनवासाचं आणि पटकन वाळणारं. कूलंट बोटाला किंचित बुळबुळीत लागतं, वास गोडसर असतो, रंग हिरवा, गुलाबी, निळा काहीही असू शकतो. चव घेऊन बघायचा प्रयोग मात्र करू नका, एथिलीन ग्लायकोल विषारी आहे.

गाडी थंड असताना बोनेट उघडून टॉर्च मारा. ओला थेंब सापडेलच असं नाही, कारण गरम इंजिनावर पडलेलं कूलंट तिथंच वाळतं. वाळलेल्या कूलंटची पांढरट किंवा रंगीत खरवड शोधा. होज जिथे कनेक्टरवर चढतो त्या कडेला, कनेक्टरच्या बरोबर खालच्या भागावर ती हमखास असते. कोरड्या टिश्यूची घडी कनेक्टरच्या खालून फिरवा, डोळ्याला न दिसणारा ओलावा कागदावर उमटतो. फायरवॉलकडे, म्हणजे इंजिन आणि केबिन यांमधल्या भिंतीकडे, जाणारे हीटरचे दोन होज आणि थर्मोस्टॅटच्या (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) आसपासची जागा आधी तपासा, छोटे कनेक्टर तिथंच जास्त असतात. तरीही सापडत नसेल तर गॅरेजमध्ये प्रेशर टेस्टर लावून घ्या. थंड इंजिनावर हाताच्या पंपाने टाकीत दाब भरतात आणि गळती समोर येते. दाब टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या आकड्यापेक्षा जास्त नको. झाकणावर १.१ असेल तर १.१ बारलाच थांबायचं.

तापमानाच्या काट्यावर पुरता विश्वास ठेवू नका. कूलंट खूपच कमी झालं की सेन्सर कोरडा पडतो, आणि इंजिन भाजत असताना काटा मध्येच किंवा खाली दिसू शकतो. एसीतून एकाएकी गरम हवा आली तर काट्याकडे न बघता आधी बाजूला थांबा.

सामान आणताना

शक्य असेल तर जुना कनेक्टर काढून, त्याचे सगळे तुकडे पिशवीत घालूनच दुकानात जा. म्हापशात काय, मडगावात काय, स्पेअर पार्टवाल्याचा पहिला प्रश्न ‘कुडको हाडला?’ (तुकडा आणला का?) हाच असतो, आणि तो बरोबर असतो. एकाच मॉडेलमध्ये पेट्रोल-डिझेलचे आणि वेगवेगळ्या वर्षांचे कनेक्टर निराळे निघतात. चासी नंबरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, त्यावरून कंपनीचा पार्ट नंबर नेमका निघतो. टी किंवा सरळ नळीसारखा साधा कनेक्टर असेल तर तोंडाचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजा. हीटरचे होज साधारण १६ किंवा १९ मिलिमीटरचे असतात. एका मिलिमीटरच्या फरकाला ‘क्लिप आवळली की बसेल’ म्हणणारा दुकानदार भेटला तर पुढच्या दुकानात जा.

पितळेचा घ्यावा का, हा ठरलेला प्रश्न. साध्या टी किंवा सरळ कनेक्टरसाठी, व्यास तंतोतंत जुळत असेल आणि होज अडवणारी गोल कड त्याला असेल, तर पितळेचा जरूर घ्या. तो तुमच्या गाडीपेक्षा जास्त टिकेल. खटकन बसणारा, आत ओ-रिंग (गळती रोखणारी गोल रबरी कडी) आणि तारेची क्लिप असलेला कनेक्टर असेल तर मात्र मूळ कंपनीचा प्लॅस्टिकचाच बरा. स्वस्तातला घेतला तर ओ-रिंगची खाच कधी सैल, कधी ओबडधोबड निघते.

कूलंट गाडीच्या पुस्तिकेत लिहिलं असेल त्याच प्रकारचं. रंग जुळला म्हणजे प्रकार जुळला असं नाही, रंगाला कसलंही सर्वमान्य प्रमाण नाही. डब्यावर ‘रेडी टू यूज’ असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. ‘गोव्यात कुठे बर्फ पडतो, पाणीच घाल’ हा सल्ला ऐकू नका. कूलंट फक्त गोठण्यापासून वाचवत नाही. निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू उघड्यावरच १०७ अंशांच्या आसपास असतो आणि झाकणाच्या दाबाखाली तो १२५ अंशांच्याही वर जातो. गंज रोखायचं कामही तेच करतं. लहान गाडीत एकूण चार ते सहा लिटर मावतं, पण या कामात तेवढं सगळं बदलावं लागेलच असं नाही.

साधनांत स्प्रिंग क्लिप दाबायला रुंद तोंडाची पक्कड, लांब चोचीची पक्कड, चपटा स्क्रूड्रायव्हर, हॅक्सॉचं सुटं पातं, कटर, स्वच्छ टब, नरसाळं, चिंध्या, रबरी हातमोजे आणि डोळे वाचवणारा चष्मा. जुन्या क्लिपा गंजलेल्या असतील तर नव्या घ्या. खाऱ्या वाऱ्यात स्प्रिंग क्लिपा वरून बऱ्या दिसतात आणि पक्कड लावली की कटकन तुटतात.

खोलणं

इंजिन पूर्ण थंड हवं. आपल्या उन्हाळ्यात त्याला तीन तास सहज लागतात, म्हणून सकाळी गाडी चालू करण्याआधीच काम काढा. गरम गाडीचं झाकण उघडलं की दाबाखाली रोखलेलं पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. चिंधी धरून ‘थोडंसंच’ उघडणंही तितकंच धोक्याचं. रेडिएटरचा पंखा काही गाड्यांत चावी काढल्यावरही फिरतो, तेव्हा बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवा. होज आणि क्लिपा आहेत तशा असताना चार बाजूंनी फोटो काढा.

झाकण उघडून दाब सोडा आणि टब खाली लावा. पातळी कनेक्टरच्या खाली उतरेल इतकंच कूलंट काढायचं. रेडिएटरला तळाशी नळ असेल तर त्यातून, नसेल तर कनेक्टरचाच होज हळू सैल करून. तो नळही प्लॅस्टिकचाच असतो आणि त्याच वयाचा, म्हणून जोर लावू नका. कूलंट नवं आणि स्वच्छ असेल तर गाळून परत वापरता येतं. गढूळ किंवा तांबूस असेल तर सगळंच बदला.

आता क्लिप. स्प्रिंग क्लिपचे दोन्ही कान दाबून ती होजवर मागे सरकवा आणि तिथंच राहू द्या. होज चिकटलेला असेल तर ओढू नका, पिळा. पकडीने बाहेरून धरून डावीकडे-उजवीकडे थोडा थोडा फिरवला की तो सुटतो. स्क्रूड्रायव्हर घुसवून उचकटायचा मोह आवरा, विशेषतः होजचं दुसरं टोक हीटरच्या किंवा रेडिएटरच्या नळीवर असेल तर. ती नळी चेपली तर शंभराचं काम हजारांत गेलं. होज तसाही बदलणार असाल तर कटरने उभी चीर द्या आणि सोलून काढा. होज चांगला आहे पण टोक फुगलंय, आणि लांबीला थोडी सैलही आहे, अशा वेळी टोकाचा सेंटिमीटरभर भाग सरळ कापला तर आत निरोगी रबर मिळतं.

खटकन बसणाऱ्या कनेक्टरची तारेची क्लिप स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने तिच्या थांब्यापर्यंतच वर उचला. ती सुटून उडाली तर गिअरबॉक्सवर कुठेतरी जाऊन बसते आणि मग सापडत नाही.

अडकलेला तुकडा

इथे घाई करणाऱ्यांचं काम बिघडतं. कनेक्टर मधोमध मोडतो, आणि त्याची तोंडं होजमध्ये किंवा धातूच्या नळीत घट्ट राहून जातात. काहीही करण्याआधी त्या तुकड्याच्या पलीकडे, होजच्या आत, दोरा बांधलेली चिंधी सरकवा. दोरा बाहेर लोंबता ठेवा. कापताना पडणारा चुरा ती अडवते आणि शेवटी दोऱ्याने चुऱ्यासकट बाहेर येते.

होजमधला तुकडा असेल तर बाहेरून होज बोटांनी चोळून, किंचित दाबून रबर आणि प्लॅस्टिक आधी सुटं करा, मग लांब चोचीच्या पकडीने पिळत ओढा. इतक्याने आला नाही तर हॅक्सॉचं पातं आत घालून तुकड्याला उभी खाच पाडा. पात्याच्या एका टोकाला चिंधी गुंडाळली की मूठ तयार. प्लॅस्टिकचा सगळा जाडपणा कापायचा नाही, रबराला पातं लागेल. पाऊण कापून झाल्यावर खाचेत स्क्रूड्रायव्हरचं टोक ठेवून तुकडा आतल्या बाजूला मोडायचा. एका ठिकाणी मोडला की तो गोल राहत नाही, सैल होऊन चिमटीत येतो. धातूच्या नळीतला तुकडाही असाच निघतो, फक्त तिथे नळीच्या आतल्या भिंतीला ओरखडा नको. ओ-रिंग नेमकी तिथंच बसणार असते.

सगळे तुकडे वर्तमानपत्रावर मांडून जुळवा. कनेक्टर पूर्ण जुळला पाहिजे. एक कपची कमी असली तरी ती कुठे तरी आतच आहे, आणि फिरत फिरत थर्मोस्टॅटमध्ये किंवा हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन अडकेल. व्हॅक्युम क्लीनरला बारीक नळी लावून ओढून घ्या किंवा तो होज दोन्ही टोकांनी सोडवून पाण्याने धुवा.

बसवणं

धातूच्या नळीवरची पांढरी खरवड हिरव्या स्क्रबरने हलक्या हाताने काढा आणि पुसून कोरडी करा. ओ-रिंगला आणि कनेक्टरच्या तोंडाला कूलंटचंच बोट फिरवा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल नको. कूलंटसाठीच्या ओ-रिंगा ईपीडीएम रबराच्या असतात, आणि तेल लागलं की हे रबर फुगतं. हार्डवेअरच्या दुकानातली ‘दिसायला तीच’ ओ-रिंग बहुधा नायट्राइलची असते. ती इथे फार दिवस टिकत नाही.

क्लिप आधी होजवर घाला, मग होज कनेक्टरच्या कडेपर्यंत पूर्ण दाबा. होजवर आणि कनेक्टरवर जुळणीची खूण असेल तर ती जुळवा, पीळ राहिला तर ताण कनेक्टरवर येतो. क्लिप बसते ती कनेक्टरच्या फुगीर कडेच्या मागे, होजच्या टोकापासून चार-पाच मिलिमीटर आत. कडेवरच आवळली तर ती घसरते. प्लॅस्टिकवर माझी पसंती स्प्रिंग क्लिपलाच. गरम-थंड होताना होज फुगतो-आकसतो तशी ती सोबत हलते. स्क्रूची क्लिप वापरलीत तर रबर किंचित दबेपर्यंतच आवळा. ‘आणखी एक फेरा’ देणाऱ्यांनीच निम्मे कनेक्टर फोडलेले असतात. खटकन बसणारा कनेक्टर असेल तर आवाज आल्यावर एकदा जोरात ओढून बघा.

सीलंट, एम-सील, फेविक्विक यांतलं काहीही लावू नका. जुन्या चिरेवर लावूनही उपयोग नाही. बाहेरून चिकटतं, पण आतला दाब आणि उष्णता त्याला ढकलून काढतात, आणि सुटलेला पापुद्रा कूलंटमध्ये फिरतो.

भरणं आणि हवा काढणं

कूलंट हळूहळू ओता, बुडबुडे येऊ देत. मधूनमधून वरचा मोठा होज हाताने दाबत राहा. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करा आणि बुडबुडे थांबून सलग धार आली की बंद करा. घरासमोर चढ असेल तर गाडीचं तोंड वरच्या बाजूला करून उभी करा, हवा पुढे टाकीकडे येते. हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा.

बॅटरीची तार जोडा, एसी बंद ठेवा आणि हीटर पूर्ण गरमवर फिरवा. मे महिन्यात हे जिवावर येतं, पण ज्या गाड्यांत हीटरचा व्हॉल्व्ह असतो तिथे तो उघडल्याशिवाय त्या भागातली हवा निघत नाही. रेडिएटरवरच झाकण असलेल्या जुन्या पद्धतीच्या गाडीत झाकण उघडं ठेवून इंजिन चालवतात आणि पातळी उतरेल तसं भरतात. दाबाची पारदर्शक टाकी असेल तर कमाल खुणेपर्यंत भरून झाकण लावतात. मग साधारण १५०० ते २००० आरपीएमवर, रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत चालवा. थर्मोस्टॅट उघडला की वरचा होज एकदम गरम होतो, थोड्या वेळाने खालचाही. वरचा तापलेला आणि खालचा गार राहिला, किंवा हीटरमधून गार हवा आली, तर आत हवा अडकली आहे. इंजिन बंद करून पूर्ण थंड होऊ द्या आणि पुन्हा तेच. काही नव्या गाड्यांना विजेवर चालणारा पंप असतो, त्यांची हवा काढायची रीत स्कॅनरवरून किंवा व्हॅक्युम लावून असते. तशा गाडीचं हे शेवटचं काम गॅरेजमध्येच करून घ्या.

चालू करून मिनिटभरात, इंजिन अजून कोमट असताना, होज दगडासारखे टणक झाले किंवा बुडबुडे थांबतच नसतील तर हेड गॅस्केटची शंका घ्या. डिपस्टिकवर, म्हणजे ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवर, ऑइल दुधाळ दिसतंय का तेही बघा. फक्त ऑइलच्या झाकणाखाली पिवळसर लोणी दिसलं तर लगेच घाबरू नका. पावसाळ्यात साखळी ते डिचोली अशा छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ते दमटपणानेही जमतं.

काढलेलं कूलंट गटारात किंवा विहिरीच्या आसपास ओतू नका, आणि टब रात्रभर अंगणात उघडा ठेवू नका. गोडसर चवीमुळे कुत्री-मांजरं ते पितात आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. सांडलेलं लगेच भरपूर पाण्याने धुवा. बाकीचं घट्ट झाकणाच्या बाटलीत, जुन्या ऑइलमध्ये न मिसळता, गॅरेजवाल्याकडे द्या.

घाटात तुटला तर

बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि तासभर तरी थांबा. तुटलेला कनेक्टर हीटरच्या वाटेवरचा असेल तर गोवेकराची सोय आहे, कारण हीटर आपल्याला लागतोच कधी? इंजिनाकडून हीटरला जाणारा आणि तिथून परत येणारा असे दोन्ही होज एकमेकांना जोडून टाका. मध्ये त्याच व्यासाची धातूची नळी आणि दोन क्लिपा. टोकं बूच मारून बंद करू नका, काही इंजिनांत थर्मोस्टॅट बंद असताना कूलंट त्याच वाटेने फिरतं. नळकामाची साधी पीव्हीसी नळी गरम पाण्यात मऊ पडते. सीपीव्हीसी थोडी बरी, तीही फक्त जवळच्या गॅरेजपर्यंत, एसी बंद ठेवून आणि हळू. मोठा, रेडिएटरचा कनेक्टर तुटला असेल तर टोइंगवाल्याला फोन करा.

दुरुस्तीनंतर पहिल्या फेरीवरून आल्यावर, गाडी थंड झाल्यावर पातळी बघा. ती थोडी उतरलेली असेल, राहिलेल्या हवेची जागा कूलंटने घेतलेली असते. भरून टाकीवर मार्करने रेघ मारा आणि आठवडाभर रोज सकाळी त्या रेघेकडे बघा. पातळी स्थिर राहिली की पुढच्या पगाराला त्याच वयाचे बाकीचे कनेक्टर आणि थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिकचं घर मागवून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी कूलंट एकदाच काढावं लागेल.